आपल्या कामाला काउंटर नसतो

बँकेतल्या माणसाला चालढकल परवडत नाही. कॅश जुळल्याशिवाय कॅशियर खुर्चीवरून उठत नाही, डे-एंड झाल्याशिवाय शाखेचा दिवस संपत नाही, आणि आज तपासायचं राहून गेलेलं व्हाउचर उद्या सकाळी कुणाच्या तरी हाती लागतंच. या शिस्तीत माझी बरीच वर्षं गेली. आधी क्लार्क, मग अधिकारी. पोस्टिंग बहुतेक सांगली जिल्ह्यातल्या द्राक्षपट्ट्यात, सध्या तासगावच्या बाजूला. समोरच्याचं काम मी सहसा उद्यावर टाकत नाही. टाकताच येत नाही, तो समोर उभा असतो.

माझी स्वतःची कामं मात्र वर्षानुवर्षं पडून राहिली. त्यातलं सगळ्यांत जुनं सीएआयआयबी. बँकेबाहेरच्यांसाठी सांगते: इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ बँकिंग अँड फायनान्स नावाची एक संस्था आहे, १९२८ साली सुरू झालेली, मुख्य कचेरी मुंबईत कुर्ल्याला. ती बँक कर्मचाऱ्यांच्या परीक्षा घेते. आधी जेएआयआयबी, ती झाली की सीएआयआयबी. पास झालात तर पगारात वाढ मिळते, बढतीच्या वेळी उपयोग होतो. नाही दिलीत तर कुणी काही म्हणत नाही. शेवटच्या वाक्यातच सगळी गोम आहे. दुसरं काम होतं बेदाणा तारण कर्जावर शाखेत येणाऱ्या नव्या मुलांसाठी एक टिपण लिहायचं. ते करा असं कुणी सांगितलं नव्हतं. मलाच वाटत होतं.

त्याच बाईला, त्याच खुर्चीत, त्याच घड्याळात दुसऱ्याचं काम जमतं आणि स्वतःचं जमत नाही, हे कोडं मला फार दिवस सुटत नव्हतं. सुटलं तेव्हा उत्तर अगदी साधं निघालं. दुसऱ्याच्या कामाला काउंटर असतो. पलीकडे माणूस असतो, त्याच्या हातात कागद असतो आणि शटर पडायची वेळ ठरलेली असते. आपल्या कामाला यातलं काहीच नसतं. पुढे लिहिलंय ते म्हणजे आपल्या कामासाठी असा काउंटर उभा करायच्या माझ्या खटपटी. सगळ्याच जमल्या असं नाही.

१. नेमकं काय टोचतंय ते शोधा

‘मी आळशी आहे’ असं म्हणण्यात एक सोय असते. तेवढं म्हटलं की पुढे काही करावं लागत नाही. पण पहाटे पाण्याच्या वेळेला उठून, डबे भरून, एसटीने शाखेत येऊन संध्याकाळपर्यंत उभी-आडवी कामं करणारी बाई आळशी कशी? ते गणित जुळत नव्हतं.

कॅनडातले टिमथी पिचिल आणि फ्युशा सिरॉइस या दोन अभ्यासकांनी २०१३ साली एका लेखात मांडलं की चालढकल हा वेळेच्या नियोजनाचा प्रश्न कमी आणि मनःस्थितीचा जास्त असतो. ज्या कामाने जीव नकोसा होतो ते बाजूला सारलं की त्या घटकेपुरतं बरं वाटतं. आपण त्या बऱ्या वाटण्याची किंमत पुढच्या दिवसांकडून वसूल करतो. हे वाचलं आणि मी पुस्तकं काढून बसले, अभ्यासाला नाही, तपासायला. कुठलं पान उघडलं की उठून चहा टाकावासा वाटतो? कायद्याचा भाग मी आवडीने वाचत होते. बँक फायनान्शियल मॅनेजमेंटमधली (बीएफएम) ट्रेझरीची, जोखमीच्या मोजमापाची गणितं आली की मला घरातली सगळी राहिलेली कामं आठवायची. मी कला शाखेची पदवीधर. रोख्याचा भाव व्याजदर वाढला की का पडतो, हे मला तोंडपाठ होतं, समजलेलं नव्हतं.

म्हणजे टाळत होते ती परीक्षा नव्हे, दोन-तीन प्रकरणं होती. त्या प्रकरणांपायी पाचही विषय कपाटात बंद झाले होते. एकदा हे कळल्यावर उपाय अभ्यासाचं वेळापत्रक हा उरला नाही. कॉमर्सवाल्या कुणाला तरी ‘मला हे शाळेतल्या मुलीसारखं समजावून सांग’ म्हणणं हा उरला. ते म्हणायला मात्र लाज वाटली. ती लाज हीच खरी अडचण होती.

ऑफिसच्या कामांतही मी हेच पाहत आले आहे. कुणाच्या टेबलावर एखादी फाईल महिनोन्महिने पडून असेल तर बहुधा तिच्यात एखादा नकोसा फोन दडलेला असतो. ऑडिटच्या शेऱ्याला उत्तर द्यायला अर्धा तास लागतो. जामीनदाराला फोन करून ‘तुमच्या मेव्हण्याचं खातं थकलंय’ हे सांगायला पाच मिनिटं लागतात, आणि ती पाच मिनिटं त्या अर्ध्या तासाला धरून बसलेली असतात.

२. वाट पाहणारा माणूस हवा

निर्धार जाहीर करावा, म्हणजे लाजेकाजेस्तव तरी पार पडतो, असा सल्ला सर्रास देतात. मी तो करून पाहिला. शाखेच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर लिहिलं की यंदा सीएआयआयबी करणार. अंगठे आले, फुलं आली, एका साहेबांनी स्वतःच्या काळातली आठवण सांगितली. दिवसभर पास झाल्यासारखं वाटत होतं. संध्याकाळपर्यंत त्यातली हवा गेली आणि पुस्तक जिथे होतं तिथेच राहिलं. जाहीर करणं म्हणजे कौतुक आगाऊ उचलणं. उचल मिळाल्यावर काम करायला कोण जातं?

कामाला आलं ते वेगळंच. शाखेत नुकत्याच रुजू झालेल्या एका मुलीचं जेएआयआयबी चालू होतं. तिने विचारलं, “मॅडम, बुधवारी डे-एंडनंतर मला जरा कर्जाचं वर्गीकरण समजावून द्याल का?” मी हो म्हटलं. मंगळवारी रात्री मला ते स्वतःला वाचावं लागलं, कारण बुधवारी ती समोर बसणार होती. पुढच्या बुधवारी मी तिला म्हटलं, आता तू मला रोख्यांची गणितं समजाव. ती बी.कॉम. होती. पुढे बुधवार ठरूनच गेला. कधी मी मास्तरीण, कधी ती. शाखेतले शिपाईमामा वैतागायचे, कारण कुलूप त्यांना लावायचं असायचं. “मॅडम, किती वेळ?” हा त्यांचा प्रश्न आमचं घड्याळ होता.

तिला माझ्या ध्येयाशी काही देणंघेणं नव्हतं, आणि म्हणूनच ते चाललं असं मला वाटतं. तिला बुधवारी उत्तर हवं होतं, बस. ‘अभ्यास कसा चाललाय?’ असं विचारणाऱ्या हितचिंतकाला ‘चाललाय’ म्हणून वाटेला लावता येतं. कागद घेऊन उभ्या असलेल्या माणसाला तसं लावता येत नाही.

३. तारीख दुसऱ्याच्या हातात द्या, आणि पैसे आधी भरा

डॅन एरिएली आणि क्लाऊस वेर्टेनब्रोख यांनी अमेरिकेतल्या एमआयटीमध्ये केलेला एक प्रयोग २००२ साली प्रसिद्ध झाला. एका वर्गाला तीन निबंध लिहायचे होते. एका तुकडीला सांगितलं, तिन्ही तारखा तुम्हीच ठरवा. दुसऱ्या तुकडीला शिक्षकांनी सत्रभर समान अंतराने तारखा बांधून दिल्या. तारखा बांधून मिळालेल्यांना गुण जास्त पडले. स्वतः ठरवणाऱ्यांपैकी पुष्कळांनी शहाणपणाने मुदती अलीकडच्या घेतल्या होत्या, पण ते शहाणपण थोडं कमी पडलं.

मला यात नवल वाटलं नाही. स्वतः दिलेली तारीख स्वतःच पुढे ढकलता येते, तिला कुणाची सही लागत नाही. आमची परीक्षा वर्षातून दोनदा होते, आणि माझ्या मते हीच तिची सगळ्यांत घातक सोय आहे. ‘या वेळी राहू दे, पुढच्या अटेम्प्टला देऊ’ म्हणायला काहीच लागत नाही, कारण पुढचा अटेम्प्ट सहा महिन्यांवर उभाच असतो. बारा वर्षांतून एकदा येणारी परीक्षा असती तर आम्ही सगळे कधीच पास झालो असतो.

म्हणून मी आधी तयारी आणि मग फॉर्म हा क्रम उलटा केला. फॉर्म आधी, पैसे आधी, मग पुस्तक. घरच्यांनी वेड्यात काढलं. पण फी गेली की केंद्र ठरतं, हॉलतिकीट येतं, त्या दिवसाची रजा टाकावी लागते, रजा टाकली की मॅनेजरसाहेब विचारतात कशासाठी. एका क्लिकमधून चार माणसं आणि एक तारीख मागे लागते. पैसे बुडाले तरी चालतील, असं स्वतःला बजावून भरले, आणि पैसे बुडू नयेत म्हणूनच अभ्यास केला. माणसाचा स्वभाव असाच असतो. माझा तरी आहे.

टिपणाचं काय करायचं? त्याला परीक्षाही नाही आणि फीसुद्धा नाही. मी मॅनेजरसाहेबांना सांगितलं की नवा हंगाम सुरू व्हायच्या आधीच्या शनिवारी मला मीटिंगमध्ये वीस मिनिटं द्या, मी बेदाणा तारणावर बोलते. त्यांनी अजेंड्यात घातलं आणि विसरून गेले. पण अजेंड्यावर नाव छापलं गेलं होतं.

४. ‘रोज’ म्हणू नका, ‘कुठे आणि कशानंतर’ ते म्हणा

पीटर गोल्विट्झर या जर्मन मानसशास्त्रज्ञाने वेरोनिका ब्रान्डस्टेटर यांच्यासोबत १९९७ साली एक साधा प्रयोग मांडला होता. विद्यार्थ्यांना सांगितलं की नाताळची संध्याकाळ कशी गेली यावर सुट्टीतच, दोन दिवसांत लिहून पाठवा. निम्म्यांकडून एवढंच जास्तीचं लिहून घेतलं की ते कधी आणि कुठे बसून लिहिणार. ज्यांनी जागा आणि वेळ लिहून दिली त्यांच्यातल्या बहुसंख्यांनी काम केलं. बाकीच्यांतल्या सुमारे एक तृतीयांशांनी. हेतू दोघांचाही चांगलाच होता.

माझं ‘रोज एक तास’ कधीच टिकलं नाही. तो एक तास दिवसात कुठे राहतो हे मला माहीतच नव्हतं. टिकलं ते असं: सांगलीच्या स्टँडवर एसटीत बसायला जागा मिळाली की कंडक्टर तिकीट देऊन पुढे सरकल्यावर दहा प्रश्न सोडवायचे. उभं राहावं लागलं तर काही नाही. मनाशी वाद घालायला जागाच उरली नाही. सीट मिळाली की नाही एवढाच प्रश्न. गणितज्ञ आणि इतिहासकार दामोदर धर्मानंद कोसंबी पुण्याहून मुंबईला टाटा मूलभूत संशोधन संस्थेत डेक्कन क्वीनने ये-जा करायचे आणि प्रवासातही त्यांचं काम चालायचं, ही गोष्ट मला एका सहकाऱ्याने प्रेरणा म्हणून ऐकवली होती. मी म्हटलं, डेक्कन क्वीनला खिडकी, टेबल आणि चहा आहे. तासगाव गाडीत शेजारणीच्या मांडीवरचा कोंबडा सांभाळत बीएफएम करून दाखवावं.

टिपणासाठी वेगळी जागा धरली. सकाळी लॉगिन करायच्या आधी, शटर अर्धं वर असताना, एक परिच्छेद. लॉगिन केलं की संपलं. मग दिवस ग्राहकांचा. संगणक उघडून मग टिपणाकडे वळू, असं ज्या ज्या दिवशी म्हटलं त्या त्या दिवशी टिपण झालं नाही.

५. मार्च संपायची वाट पाहू नका

बँकेतलं सगळ्यांत लाडकं वाक्य: “एकदा मार्च होऊ दे.” मार्च क्लोजिंग झालं की मोकळं व्हायचं असतं. एप्रिल-मेमध्ये बदल्या, लग्नसराई आणि मुलांच्या सुट्ट्या. जून-जुलैत पीककर्जाची झुंबड. सप्टेंबरला सहामाही. ऑक्टोबरात द्राक्षाची फळछाटणी, शेतकऱ्याला औषधाला आणि मजुरीला पैसे तेव्हाच लागतात. मग दिवाळी. मग इन्स्पेक्शन. जानेवारीपासून माल निघतो, बेदाण्याचे शेड लागतात, शीतगृहाच्या पावत्या घेऊन माणसं येतात, आणि तोवर मार्च दारात असतो. मी बारा महिने तपासले. मोकळा एकही सापडला नाही.

दर नव्या वर्षाला जुनाच संकल्प नव्याने सोडणं हे आमच्याकडच्या नवं-जुनं करण्यासारखं आहे. शेतकरी जुनं पीककर्ज भरतो आणि त्याच दिवशी नवं उचलतो. कागदावर खातं नियमित होतं, घरात पैसा येत नाही. एक जानेवारीला माझंही खातं असंच नियमित व्हायचं. मागच्या वर्षीची अपूर्ण यादी नव्या डायरीत उतरवली की बरं वाटायचं, जणू काही फेडलंय.

अंदाज चुकतो तो का, यावर रॉजर ब्यूलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांचं १९९४ सालचं काम मला फार आवडतं, कारण त्यात आपलंच चित्र दिसतं. कॅनडातल्या विद्यार्थ्यांना प्रबंध कधी पुरा होईल ते विचारलं. सरासरी उत्तर आलं साधारण ३४ दिवस. सगळंच बिनसलं तर किती लागतील, असंही विचारलं. त्याचं उत्तर सुमारे ४९. प्रत्यक्षात लागले ५५च्या वर. म्हणजे सगळं बिनसल्याचा अंदाजसुद्धा कमीच होता! मला यातून एक सवय लागली. किती दिवस लागतील असं आता मी स्वतःला विचारत नाही. मागच्या खेपेला असंच काम कितीला झालं होतं ते डायरीत पाहते आणि तोच आकडा लिहिते. कर्जाचा प्रस्ताव तपासताना आम्ही अर्जदाराच्या स्वप्नांवर जात नाही, तीन वर्षांचे ताळेबंद मागतो. स्वतःला तेवढी कडक वागणूक द्यायला काय हरकत आहे?

६. महत्त्व लिहू नका, वय लिहा

कामांच्या यादीत ‘तातडीचं’, ‘महत्त्वाचं’ अशा खुणा करायची एक पद्धत आहे. मी लाल, निळे, हिरवे ठिपके वर्षभर दिले. रंगीत यादी झाली.

मग बँकेतलीच रीत उचलली. कर्जाचा हप्ता थकला की आम्ही मनाने ठरवत नाही ते खातं किती बिघडलंय. दिवस मोजतो. तीस दिवसांपर्यंत एसएमए-शून्य, साठपर्यंत एसएमए-एक, नव्वदपर्यंत एसएमए-दोन, नव्वद ओलांडले की एनपीए. पीककर्जाला हंगामाचा हिशेब असतो, ते सोडा. या रीतीत सोय अशी की ओळखीच्या, गोड बोलणाऱ्या, दिवाळीला मिठाई पाठवणाऱ्या कर्जदारालाही तारीख सारखीच लागू होते.

तसं मी प्रत्येक वैयक्तिक कामापुढे ते यादीत आलेली तारीख लिहायला लागले. पहिल्या आठवड्यातच काही नोंदींचं वय पाहून हसू आलं. नव्वद दिवस ओलांडलेल्या कामाला तीनच वाटा ठेवल्या: या आठवड्यात करा, दुसऱ्याला द्या, किंवा खोडा. चौथी, म्हणजे ‘राहू दे यादीत’, बंद. यात सगळ्यांत कठीण दुसऱ्याला देणं जातं. आमच्या शाखेच्या जुन्या नोंदवह्यांची सूची करायचं मी मनावर घेतलं होतं. ती एका नव्या क्लार्कला दिली आणि त्याने ती माझ्यापेक्षा बरी केली. बरी केली याचा थोडा राग आला, पण काम झालं.

७. पन्नास पुरतात

आमच्या परीक्षेत प्रत्येक विषयाला शंभरातले पन्नास गुण हवेत. सगळे विषय एकाच खेपेला दिले आणि एकूण सरासरी पन्नास टक्के झाली, तर एखाद्या विषयात पंचेचाळीसही चालतात. हे नियमात स्पष्ट लिहिलेलं आहे. तरी आम्ही अर्ध्याहून जास्त लोक पंच्याऐंशीच्या तयारीने पुस्तक उघडतो. पहिल्या पानापासून, अधोरेखित करत, नोट्स काढत. शाळेत हुशार म्हणवून घेतलेल्यांना हा रोग जास्त. पहिलं प्रकरण छान तयार होतं. बाकीची प्रकरणं पुढच्या अटेम्प्टला.

इथे कुणीतरी पांडुरंग वामन काणे यांचं नाव घेतंच. मुंबई उच्च न्यायालयात वकिली करणारा माणूस ‘हिस्टरी ऑफ धर्मशास्त्र’सारखा ग्रंथ लिहितो, पहिला खंड १९३० साली, शेवटचा १९६२ साली, एकूण साडेसहा हजारांहून जास्त पानं, आणि १९६३ मध्ये भारतरत्न. हे ऐकून आपल्यासारख्याला स्फूर्ती येत नाही, धाप लागते. पण त्या कामाचा जन्म कसा झाला ते पाहिलं तर थोडा धीर येतो. ते व्यवहारमयूख या ग्रंथाची आवृत्ती तयार करत होते आणि तिला धर्मशास्त्राच्या इतिहासाची एक प्रस्तावना जोडावी असं त्यांच्या मनात होतं. ती प्रस्तावना मावेना, तिचाच वेगळा ग्रंथ झाला. दुसरी गोष्ट, सगळं पूर्ण होईपर्यंत त्यांनी हस्तलिखित कपाटात ठेवलं नाही. खंड तयार झाला की छापला, मग पुढचा. बत्तीस वर्षं चाललेल्या कामात मधेमधे हातात घेता येईल अशी वस्तू पडत होती. काण्यांच्या विद्वत्तेचं अनुकरण आपल्याला शक्य नाही. तयार झालेला तुकडा बाहेर काढणं एवढं मात्र शक्य आहे.

मी टिपणाचा विचार पुस्तिका म्हणून करत होते: प्रस्तावना, बेदाण्याचा इतिहास, छायाचित्रं. वर्षानुवर्षं न लिहिलेली ती पुस्तिका दोन पानांवर आणली तेव्हा ती झाली. शीतगृहाच्या पावतीवर काय पाहायचं, मालाची प्रत कुणी ठरवायची, भाव पडला तर मार्जिन कसं धरायचं, विमा कुणाच्या नावाने, बँकेचा बोजा शीतगृहाने कबूल केल्याचं पत्र कुठल्या फाईलला लावायचं. छायाचित्र एकही नाही.

८. घरच्यांना वेळ सांगा

“मला अभ्यास करायचाय” असं म्हटलं की घरात सगळे समजूतदार होतात आणि काही बदलत नाही. सासूबाई म्हणायच्या, “कर की गं, कोण नको म्हणतंय?” आणि तेवढ्यात कुकरची शिट्टी मोजायला मीच उठायची. एकदा म्हटलं, “आई, साडेआठ ते सव्वानऊ मी माडीवर आहे. त्या वेळात दूधवाला, फोन आणि भाजी तुमची.” त्यांना ते कळलं. ‘ध्येय’ म्हटल्यावर त्यांना नेमकं काय करायचं ते समजत नव्हतं, साडेआठ समजले. पुढे मीच नऊला खाली आले तर त्या विचारायच्या, “संपले का तुझे सव्वानऊ?”

मुलीने तिच्या दहावीच्या टेबलाची निम्मी जागा दिली. भाड्यापोटी तिचं इतिहासाचं पाठांतर मी घ्यायचं, असं ठरलं.

९. खंड पडला तर

पडतोच. आजारपण, हंगाम, बदली. भरपाई करायला जाऊ नका, तीन दिवसांचं एका दिवशी करायला बसलात की चौथा दिवसही जातो. एक प्रश्न सोडवा आणि पुस्तक मिटा.

१०. काही कामं सोडून द्यायचीच असतात

माझ्या यादीत विदेशी विनिमयाचा एक सर्टिफिकेट कोर्स बरेच दिवस होता. वय नव्वदच्या कितीतरी पुढे. खोडायला जीव होत नव्हता. मग विचार केला, हा इथे आला कसा? माझ्याबरोबर रुजू झालेल्या एकीने तो केला होता आणि ती मुंबईला मोठ्या शाखेत गेली होती. मला मुंबईला जायचं नव्हतं. माझ्या काउंटरवर डॉलरचं काम वर्षातून जेमतेम येतं. द्राक्षं परदेशी जातात, पण त्यांचे कागद दुसऱ्या शाखेत होतात. मी एका मैत्रिणीच्या आयुष्यातला टप्पा माझ्या डायरीत उतरवून ठेवला होता आणि तो होत नाही म्हणून स्वतःला दोष देत होते. खोडला. वाईट वाटेल असं वाटलं होतं, पण उलट त्या रात्री बीएफएमची दोन प्रकरणं जास्त झाली.

चालढकलीवरचे सल्ले हा भाग सहसा गाळतात. टाळलेलं प्रत्येक काम करायलाच हवं होतं असं गृहीत धरतात. माझा अनुभव तसा नाही. काही कामं मन टाळतं कारण त्याला ती कळतात, आपल्याला कळायच्या आधी. कुठलं काम भीतीने टाळलं जातंय आणि कुठलं आपलं नाहीच म्हणून, हे ओळखायची माझी एक ओबडधोबड कसोटी आहे. उद्या ते काम दुसऱ्या कुणीतरी पूर्ण करून दिलं, नाव माझं न लागता, तर मला आनंद होईल का? परदेशी विनिमयाबाबत प्रश्नच निरर्थक ठरला; मला हवं होतं ते सर्टिफिकेट, ज्ञान नव्हे. टिपणाबाबत उत्तर ‘हो’ होतं. नव्या मुलांच्या हातात काहीतरी पडायला हवं होतं, कुणीही लिहिलं तरी.

सीएआयआयबी झालं. गुण सांगण्यासारखे नाहीत, पगाराच्या स्लिपवर फरक दिसतो. टिपण शाखेत आहे, झेरॉक्सच्या झेरॉक्स निघाल्यात. गेल्या हंगामात एका नव्या मुलाने त्याच्या कडेला पेन्सिलीने लिहून ठेवलं की माल एका शीतगृहातून दुसऱ्यात हलवला तर विम्याचं काय, ते यात नाही. खरंच नव्हतं. ती दुरुस्ती टाइप करायचं काम माझ्याकडे आहे, यादीत तारखेसह आहे, आणि तो मुलगा माझ्या समोरच्याच टेबलावर बसतो.